सोनगीरच्या बिलावरची हिरवी सही

११ नोव्हें. ८८, भाऊबीज. सोनगीर.
धुळ्याहून पहिल्या एस.टी.ने आलो. अक्काने ओवाळलं. दाजींच्या मेडिकलमध्ये माझं फार्मसीचं सर्टिफिकेट चौकटीत, काचेवर दसऱ्याचं कुंकू वाळलेलं. पास मी झालो, पूजा अक्का करते. तिच्या घरी राहून शिकलो, तेव्हा परवान्यावर नाव माझं नि दुकान दाजींचं, हे कोणाला सांगावं लागलं नाही. मी धुळ्यात शाळेच्या प्रयोगशाळेत चिकटलेला. कायद्याने फार्मासिस्ट दुकानात हजर पाहिजे. म्हणून जेवण झालं की दाजी कोरी बिलबुकं पुढे ठेवतात आणि मी महिनाभराच्या सह्या ठोकून देतो. हिरव्या बॉलपेनाने, आपली एक हौस. अक्का हसते, "मना भाऊ साहेब व्हई गया."
आज दोन बुकं. बोटं दुखली.

४ डिसें., रवि. सोनगीर.
पुन्हा सह्या. टेबलावर इंजेक्शनचं नवं खोकं होतं, बाळंतपणानंतर रक्त थांबवायचं. लेबलाची छपाई पुसट, बॅच नंबर पसरलेला. विचारलं, कुठून आणलं? दाजी : "हायवेवरला माणूस दी गया. कंपनीनाच माल शे."
एक अँप्यूल उजेडात धरून पाहिली. परत ठेवली. मग अक्काने भरिताला हाक मारली. कळण्याची भाकरी, वर तेल. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

२० डिसें., मंगळ. धुळे.
औषध निरीक्षक शाळेत आले. वयाने माझ्याहून लहान, आवाज शांत. बिलाची कार्बन प्रत दाखवली. तारीख १४ डिसें. ते इंजेक्शन, खाली माझं नाव.
सोनगीरजवळच्या खेड्यातली बाळंतीण. नर्सबाईंनी चिठ्ठी लिहून दिली, घरच्यांनी आपल्या दुकानातून इंजेक्शन नेलं. टोचलं. रक्त थांबलं नाही. धुळ्याला आणताना वाटेतच...
मूल आहे. मुलगी.
"चौदा तारखेला कुठे होतात?" हेडमास्तरांनी मस्टर पुढे केलं. तिथेही माझी सही, निळ्या शाईत. एका दिवशी एकच माणूस दोन गावांत हजर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.
दुपारी सहावीचा प्रयोग होता. परीक्षानळी हातून फुटली.

२५ डिसें., रवि. सोनगीर.
दुकानाला सील. दाजींनी दाढी केलेली नाही. वकिलाकडे जाऊन आले होते. मला ओट्यावर बसवून हळू बोलले, "सांगी दे, सही मनी नही. मी सांगसू, मीच करेल शे."
म्हणजे मी सुटतो. नोकरी राहते, सर्टिफिकेट राहतं. त्यांच्यावर नकली औषध नि वर खोट्या सहीचं कलम. नको म्हणायला हवं होतं, म्हणालो नाही.
अक्का दारात उभी, सगळं ऐकत. "तुनी नोकरी राही ना? मंग तसंच कर." स्वतःच्या नवऱ्याबद्दल बोलत होती. तिच्याकडे बघवेना. आज भरीत नव्हतं, कोणी जेवलंही नाही.

२७ जाने. ८९, शुक्र.
तपासणीचा अहवाल आला. अँप्यूलमध्ये औषध नाहीच. नुसतं पाणी.
उजेडात धरून पाहिली होती मी. पाणी काय, औषध काय, दिसायला सारखंच. पण लेबल तर दिसलं होतं.

३ फेब्रु., शुक्र. धुळे.
जबाबासाठी ऑफिसात बोलावलेलं. बाहेर बाकावर एक म्हातारी, मांडीवर तान्हं. कापसाच्या वातीने शेळीचं दूध चोखवत होती. त्या बाळंतिणीची सासू. मी कोण ते तिला माहीत नाही. अस्सल बिल तिच्याकडे, साहेबांना द्यायला आणलेलं. पदराची गाठ सोडून मला दाखवलं. घामाने मऊ पडलंय, पण सही स्वच्छ.
आपणहून बोलू लागली. "जवळनं दुकान उघडं व्हतं. पन मी पोऱ्याले सोनगीरलेच धाडं. तठेनी सही हिरवी राहस. मना रेशनकारडवर बी हिरवी शे. हिरवी सही सरकारनी, खोटी नही राहस."
मी फरशीकडे बघत होतो.
मग बिल माझ्यापुढे धरलं. "भाऊ, तुमले वाचता येस ना? कोनं नाव शे हाई?"
म्हणालो, "अक्षर लागत नाही, आजी."
"जाऊ द्या. साहेब वाची लेई." पुन्हा गाठ मारली.
निरीक्षकांना एकदम कोर्टात जायचं होतं, जबाब सोमवारवर गेला. तेव्हा सहीचा नमुनाही द्यावा लागेल म्हणाले, पाच वेळा, रोजच्या पेनाने. एस.टी. स्टँडपर्यंत चालत आलो. रडू आलं, रसवंतीच्या मागे उभं राहून रडलो. कोणी विचारलं नाही, बरं झालं.

५ फेब्रु., रवि.
अक्का सकाळीच धुळ्याला आली. सोबत चौकट, फडक्यात गुंडाळून. काच पुसून लख्ख केलेली, कुंकवाचा ठिपका नाही. म्हणाली, आता घरीच ठेव. चहा घेतला नाही. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी शाळेत धाडताना फिरवायची तसा. दाजींचा विषय दोघांनीही काढला नाही.
ती गेल्यावर रद्दीवर सही करून पाहिली. वेगळी करायला बघतो तर हात आपोआप तेच वळण घेतो. तिसऱ्यांदा मात्र जमली. वेगळी, दुसऱ्या कुणाचीतरी वाटेल अशी. जमली तेव्हा आधी बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.
सही माझी नाही असं एकदा त्या म्हातारीच्या तोंडावर म्हणून झाल्यासारखंच आहे, बाकावर बसून.
दोन्ही पेनं खिशात घातलीत, निळं नि हिरवं. उद्या अकराला. निरीक्षकांनी म्हातारीलाही अकरालाच बोलावलंय, समोर बसवून सही दाखवायला.