गाडीचं नवं तोंड

९ सप्टेंबर, मंगळवार
काळ्या गाडीची खरी किंमत आज मांडली. शोरूमला दिले ते दिलेच. वर विमा, दोनदा टायर, घाटात घासलेला दरवाजा. आणि सगळ्यात महाग पडलं ते वेगळंच. मी घेतली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने नवा आकार काढला. खोडाळ्याच्या बाजारात पोशेऱ्याचा एक म्हातारा गाडीभोवती फिरून म्हणाला, "शेट, गाडी नवी पन तोंड जुनाच." तेव्हापासून अख्ख्या बाजारात मी 'जुनं तोंड'. मीही हसतो. सिमेंट विकणाऱ्याने गिऱ्हाइकावर रुसून कसं चालेल?
या खेपेला फसायचं नाही.

११ सप्टें., गुरुवार
नाशिकच्या शोरूममधून फोन. पांढरी यार्डात उभी आहे, दसऱ्याला दारात आणून देतो, एवढी सूट पुन्हा नाही. विचारलं, नवं मॉडेल कधी? म्हणे अजून काही ठरलं नाही काका. पण त्याच्या मागून कोणीतरी हळूच बोललं, उन्हाळ्याचं सांगू नको. मला तेवढं पुरे. थांबायचं.
हिला सांगितलं. ही म्हणाली, "सुनेला सातवा लागलाय. उन्हाळ्यापर्यंत मूल रांगायला लागेल. तोवर दवाखाना कशात?"
याच गाडीत. आणि कशात.

१५ सप्टें., सोमवार
ज्योतीला तपासणीला नाशिकला नेलं. मुलाला, नितीनला, परगावच्या शाळेतून रजा नाही, म्हणून मीच. तोरंगण घाटात वळणावर पुढून कट्-कट्. लगेच काच खाली. जीप चालवायचो तेव्हाची आम्हा सगळ्या ड्रायव्हरांची रीत: रस्ता मोकळा असला की कातळाला चिकटून चढायचं, चाकाचा आवाज कातळावर आपटून कानात येतो. उजवं चाक, नक्की.
वरच्या वळणाचा कठडा गेलाय. तिथे चुना फासलेले दोन दगड. बस्स.

१७ सप्टें., बुधवार
जव्हारला मिस्त्रीकडे. उजवं चाक सैल निघालं, आवळलं. पुढचं सगळं खोलून बघू, दोन दिवस ठेवा म्हणाला. जी विकायचीच आहे तिच्यात कोण पैसे घालतो? घेऊन आलो.

२० सप्टें., शनिवार
मुद्दाम घाटात एक फेरी मारली. कातळाकडून आवाज एकदम स्वच्छ. बाजारात सांगून टाकलं, माझ्या कानाला मशीन लागत नाही, गाडी खोकली की कफ कुठे आहे ते मी सांगतो. लोक खूश.
शोरूमला नको म्हणून कळवलं. तिथला पोरगा म्हणाला, पांढरी मग आजच दुसऱ्याला जाते. जाऊ दे.


२३ सप्टें., मंगळवार
ज्योतीला सोनोग्राफीला नेऊन आणलं. धुकं इतकं की बॉनेट दिसेना. कान मात्र उघडे. काही नाही. ज्योतीचा एक हात दरवाजाच्या कडीला, एक पोटावर.
वळणावर आता एकच पांढरा दगड. दुसरा खाली गेला असणार. माती अजून ओली.

२८ सप्टें., रविवार
ज्योतीचे पाय सुजलेत, डोकं दुखतंय. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, उद्या सकाळीच आणा, भरती करून घेऊ, उशीर नको. रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसरीकडे गेलीय, सकाळचं सांगता येत नाही. जीपवाले सगळे नवरात्राचे भाविक घेऊन वणीच्या गडावर. मिस्त्रीही त्यांच्याबरोबर.
पिशवी भरताना ज्योतीने विचारलं, "बाबा, उद्या मी तुमच्या मागे बसू का? डावीकडे पायाखाली वाजत राहतं."
कधीपासून?
"पहिल्या खेपेपासून. परवा तर जास्तच. तुम्ही काच खाली करून ऐकत होतात, म्हटलं तुम्हाला कळलंच असेल."
ही दारात उभी होती.
अंगणात गाडी सुरू केली. पुढे घेतली, मागे घेतली. सपाटीवर काहीच वाजत नाही. नितीन निघालाय, पोचेल तेव्हा पोचेल.
चढताना कातळ उजवीकडे. डावीकडे दरी.
दरीवरून आवाज परत येत नाही.