दरबारची खबर, पार्सिपनीहून

बाबा, तुम्हाला कळलं होतं का हो? तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून ह्याच एका प्रश्नात घोटाळतेय.

रिटायर झाल्यावर तुम्ही एका परदेशी हेराच्या जुन्या पत्रांचं मराठी करायला घेतलं होतंत. युरोपातल्या कुठल्याशा दरबारात वेष पालटून राहायचा आणि घरी लिहायचा, कोणती राणी रुसली, कोणत्या मंत्र्याचे दिवस भरले. मी अमेरिकेला निघाले तेव्हा म्हणालात, "हवापाण्याचं लिहू नकोस. दरबारात काय शिजतंय ते लिही." मी लिहायचे. आमचा बॉस राजा, एचआरची बाई राजमाता. तुम्ही मित्रांना वाचून दाखवायचात म्हणे.

मग दोन हजार एक साली प्रोजेक्ट कॅन्सल झालं आणि मी बेंचवर आले. कंपनीच्या कागदावर नाव, पण काम नाही, पगारही नाही. हिय्या करून फोनवर सांगितलं, "बाबा, मी बेंचवर आहे." तुम्ही पडलात हेडमास्तर. "बाकावर? ह्या वयात? काय आगाऊपणा केलास?" तुम्ही हसलात, मीही हसले, आणि खरं सांगायचं राहून गेलं ते गेलंच. पत्रं मात्र जात राहिली. पार्सिपनीच्या गेस्टहाउसमध्ये चार मुलींच्या पसाऱ्यात मी कुकर लावते आणि नसलेल्या ऑफिसातली कारस्थानं रचते. राजमातेनं दोन पत्रांत दोनदा राजीनामा दिला, तरी माझ्या लक्षात आलं नाही. इतकी मी बावळट.

तुमचं शेवटचं पत्र आलं. "तो हेर खोटा निघाला. कुणीतरी घरबसल्या पत्रं रचली होती. पण भाषांतर सोडत नाही. बिचाऱ्याला कुणाला तरी लिहावंसं वाटलं असेल. तू वेळेवर जेवतेस ना?" हे कुणाबद्दल होतं, बाबा? कधी वाटतं, तुम्ही सगळं ओळखलं होतंत. कधी वाटतं, जेवणाचं तर तुम्ही पोस्टमनलाही विचारायचात. मला खरंच कळत नाही.

महिन्याभरात तुम्ही गेलात. दादाला मी फोनवर सांगितलं, रजा मिळत नाहीये. रजा द्यायला कुणी नव्हतंच. व्हिसा कामावर मिळालेला, काम नसताना गेले तर व्हिसावाले परत येऊ देणार नाहीत, ह्या भीतीनं मी आले नाही. दादा आजही लोकांना सांगतो, तिला ऑफिसनं सोडलं नाही. मी शेजारी बसलेली असते, आणि मान हलवते.