आत्याबाईंनी वाघ हुसकावला त्याची हकीकत

साखरा, ता. सेनगाव
२१ मे

आदरणीय सपनाताई,

धाकट्या जावेचा मनापासून जयभीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, सुरजभाऊजींचा बीपी गोळीच्या धाकात असेल, आणि रविवारी पाच माणसांचा स्वयंपाक करून तुम्ही आमची वाट बघत बसलात तो राग एव्हाना अर्ध्यावर आला असेल, असं धरून लिहायला बसले आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण भाऊजी फोनवर बोलू देत नाहीत आणि आमच्या ह्यांनी तीन दिवस फोन बंदच ठेवला आहे. (मोठ्या भावाला कोण सांगणार, यावर आमच्या घरात चिठ्ठ्या टाकल्या. चारही चिठ्ठ्यांवर माझंच नाव होतं. प्रज्ञेशरावांचं अक्षर मी ओळखते.)

सुरुवातीलाच सांगते : आपल्या सासूबाई, आत्याबाई, पुण्याला आल्या नाहीत. त्या इथं परसात बसून शेवग्याच्या शेंगा निवडत आहेत. तब्येत ठणठणीत. बाकी जे झालं ते असं.

भाऊजींचा बेत तुम्हाला ठाऊकच आहे. सत्तरीची आई भुईमुगाच्या राखणीला मचाणावर बसते हे त्यांना बघवत नाही. म्हणून सुट्टीत गाडी करायची, आईला ताडोबा दाखवायचं, पेंच दाखवायचं, आणि नागपूरहून समृद्धी महामार्गानं थेट तुमच्या सातव्या मजल्यावर आणून सोडायचं. आईला मात्र फक्त वाघ सांगायचा, पुणं सांगायचं नाही. हे ऐकताना मला बरं वाटलं नव्हतं, पण मी धाकटी सून. मी कपडे भरले.

बुद्ध पौर्णिमेची खीर खाऊन दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. गाडी धर्मसिंगची. तो आपल्याच भागातल्या तांड्यावरचा, हात चांगला, पण दर वीस किलोमीटरला चहा लागतो. मचाणावर शेजारच्या रुख्मिणीबाईंना बसवलं. त्यांना कोणतं जनावर कुठल्या बांधावरून येतं, किती वाजता येतं आणि कसं ओरडलं की जातं, हे समजावण्यात आत्याबाईंनी गाडी अर्धा तास थांबवली. आमची दिपा सोबत वही घेऊन होती. शाळेनं सुट्टीत प्राण्यांची नोंद ठेवायला सांगितली आहे. तिनं पहिल्या पानावर ‘वाघ’ असं लिहून पुढं जागा मोकळी सोडली होती.

ताडोब्याच्या फाटकावर तपासणी झाली. आत्याबाईंच्या पिशवीतून भाकरी, ठेचा आणि गोफण निघाली. आमची गाइड शितल म्हणून एक चुणचुणीत पोरगी होती. तिनं गोफण हातात घेऊन हे काय आहे म्हणून विचारलं नाही, तिला माहीत होतं. एवढंच म्हणाली, “आजी, हे माझ्यापाशी राहू द्या जी. बाहेर आल्यावर देते.” आत्याबाईंनी दिली, पण सोन्याची पाटली काढून दिल्यासारखी.

आत तासभर धूळ खाल्ल्यावर एका वळणावर सात-आठ जिप्सी उभ्या दिसल्या. कोणी श्वास घेत नव्हतं. समोर गवतात तीस-चाळीस चितळं चरत होती आणि शितल कुजबुजली की मागच्या झुडपात वाघ आहे, दबा धरून आहे, पाच मिनिटं कोणी हलू नका. ताई, लोकांनी एवढाल्या नळकांड्यांचे कॅमेरे लावले होते. दिपानं पेन्सिलीला टोक काढून ठेवलं होतं. आणि आपल्या सासूबाई जिप्सीत उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि ओरडल्या, “हाऽऽऽड! हुर्ऱ्योऽऽ! खाल्लं, समदं खाल्लं!”

तीस वर्षं जे तोंड चरणारं हरीण दिसलं की आपोआप उघडतं, ते तिकीट काढलं म्हणून बंद राहील, असं आपण तरी कसं धरलं? चितळं एका क्षणात नाहीशी झाली. झुडपातला वाघ उठला, आमच्याकडं पाठ केली आणि आत निघून गेला. आम्हाला शेपटी दिसली. (दिपानं वहीत प्रामाणिकपणे ‘वाघ : शेपटी’ असं लिहिलं आहे.) सगळ्या जिप्सी आमच्याकडं वळून बघू लागल्या. हे खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. पायात चपला होत्या.

“काहून बघून राह्यले माझ्याकडं?” आत्याबाई म्हणाल्या. “तुमच्या वावरात आली असती म्हंजे कळलं असतं.”

शितल रडवेली झाली होती. “आजी, ही जनावरं सरकारची आहेत ना जी.”

“सरकारची असतील माय. पन खात्यात तं माझं!”

हे ऐकून पलीकडच्या जिप्सीतला ड्रायव्हर हसला. त्याचंही वावर असणार.

संध्याकाळी आत्याबाईंना वाईट वाटलं. नातीचा वाघ आपण घालवला, हे त्यांच्या जेवणावरून कळलं. अर्धीच भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पदराचा बोळा तोंडात धरूनच जिप्सीत चढल्या. दोन तास काहीच नाही. शितलनं चार पाणवठे फिरवले. मग आत्याबाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि पदर काढून हळूच म्हणाल्या, “त्या पोरीला म्हण, ते वांदर बघ. ते आपल्याकडं बघून न्हाई राह्यलं, नाल्याकडं बघून राह्यलं. पोर पोटाशी धरलं वांदरीनं. आन टिटवी मघाधरून तिथंच वरडून राह्यली, जाग्यावरून हालंना.” शितलनं एकदा वानराकडं बघितलं, एकदा आत्याबाईंकडं, आणि गाडी नाल्याकडं घ्यायला सांगितली.

पाण्यात वाघीण बसली होती. मागं दोन पिल्लं. ताई, ते मला लिहिता येणार नाही. रंग फोटोत दिसतो तसा नसतोच. ती पाण्यात नुसती बसली होती, पण सगळं जंगल तिच्या धाकानं नीट बसल्यासारखं वाटत होतं. दिपाच्या हातातून वही पडली ती तिनं उचललीसुद्धा नाही. आणि आपल्या सासूबाई, ज्या पाहुण्यांच्या देखत सरपंचाला झापतात, त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून वीस मिनिटं गप्प. डोळ्याला पाणी. मला म्हणाल्या, “एकटीच सांभाळती का दोन्ही?”

परतताना त्यांनी शितलला विचारलं, म्हातारपणी हिचं कसं होतं? शितलनं तिला ठाऊक होतं ते सरळ सांगितलं : पोरी मोठ्या झाल्या की कधीकधी आईचीच हद्द घेतात, मग म्हातारी कडेकडेनं फिरते.

“मंग लेकरंच वंगाळ म्हनायची,” आत्याबाई म्हणाल्या.

ह्यांना तिथून उचकी लागली ती फाटकापर्यंत थांबली नाही. मी बाटली पुढं केली, पण डोळ्याला डोळा दिला नाही. माझीही मान खालीच होती.

पेंचला दोन दिवस राहिलो, रानकुत्र्यांची टोळी बघितली, त्याबद्दल दिपा स्वतंत्र लिहिणार आहे. मग नागपूरहून समृद्धीला लागलो. वाशिमकडं उतरायचा फाटा जवळ आला तसा धर्मसिंगनं वेग कमी केला आणि आरशात बघून ह्यांना विचारलं, “भाऊ, सरळ का डावीकडं?” सरळ म्हणजे तुम्ही. डावीकडं म्हणजे साखरा. हे सीटखाली पाण्याची बाटली शोधायला लागले. तेव्हा मागच्या सीटवरून आत्याबाईच बोलल्या, अगदी सहज :

“सरिते, पाच दिसाला नऊ लुगडी काहून भरली व माय?”

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! त्या ह्यांना म्हणाल्या, “सुरजकडं न्यायचं तं तसं सांगायचं होतं. लेकाचं घर हाय, मी येते. पन तिथं मला काम काय ते सांग. खिडकीत काय येतं?”

“कबुतरं येतात आई,” हे म्हणाले.

“मंग मी हाकलीन.”

“वहिनीनं जाळी लावली आहे.”

“मंग मी काय करू बाप्पा तिथं? जाळीकडं बघत बसू?”

ताई, तुमच्या जाळीचा दोष नाही. कबुतरांनी घाण केली तर मीही लावली असती. पण ह्यांनी खिडकीबाहेर बघत धर्मसिंगला सांगितलं, “डावीकडं घे.” लग्नाला चौदा वर्षं झाली, नवऱ्याचा एवढा अभिमान मला क्वचित वाटला आहे. (त्यांना हे दाखवलेलं नाही.)

घरी आल्यावर दिपानं परसातली नोंद घ्यायला घेतली. मला वाटलं होतं चिमण्या आणि खारुताई, संपलं. आत्याबाई शेवग्याखाली बसून सांगत होत्या आणि दिपाचा हात पुरत नव्हता. हातपंपाच्या डबक्यावर येणारं मुंगूस, त्याची वाट आणि वेळ. लिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी. भिंतीतली घोरपड, जी अंडी चोरते पण उंदरांचाही बंदोबस्त करते म्हणून तिला माफी. जास्वंदीवरचा शिंजीर, बांधावरचे मोर, आणि रोह्यांचा (दिपाच्या वहीत ‘नीलगाय’) कळप, त्यातल्या कान फाटलेल्या नराला तर त्या नावानं शिव्या देतात. पाच पानं भरली. एवढी वर्षं या घरात नांदले आणि माझ्या डोक्यावर घुबडं राहतात हे मला आत्ता कळतंय. जिला आपण राखणीतून सोडवायला निघालो होतो, ती बाई नुसती राखण करत नव्हती, ताई. तिला तिथलं सगळं माहीत आहे, आणि तिथल्या सगळ्यांना ती.

भाऊजींना समजावून सांगा. मुलांना गोड पापा.

तुमची,
सरिता

ता. क. : हे पत्र धर्मसिंगच्या हाती पाठवते आहे; त्याला पुण्याचं भाडं मिळालं. भाऊजींना ते जेवणानंतर द्या.

ता. क. दुसरा : धर्मसिंगच्या मोबाइलवर शितलचा फोन आला होता. त्यांच्याकडं नव्या गाइड पोरी शिकून राहिल्या आहेत. त्यांना वानराचं आणि टिटवीचं ऐकायला शिकवायला आजींना आठ दिवस पाठवा म्हणते. आत्याबाईंनी मला न विचारता हो सांगितलं. सोमवारी जाणार. इकडं भुईमूग काढायला पंधरा दिवस आहेत आणि रुख्मिणीबाईंची कंबर धरली आहे, त्या मचाणाकडं बघतसुद्धा नाहीत. ह्यांना कारखान्यात रजा नाही. तेव्हा राखणीला भाऊजींनी यावं. धर्मसिंग शनिवारी परत निघेल, पुढची सीट मोकळी आहे.

ता. क. तिसरा : हे म्हणत होते की राखणीचं नाव काढू नको, वाघ दाखवतो म्हणून बोलाव. आत्याबाईंनी ऐकलं. त्या सांगतात तसं लिहिते : “न्हाई. सुरजला सरळ सांग, आईनं राखणीला बोलावलं. यायचं तं ये. आन मी ताडोब्याहून येईस्तोवर जाऊ नको म्हनावं, मला त्याला बघायचंय.”