मी हात वर केला नाही

मी, काशीराम धोंडू उतेकर, वय ७२, राहणार कापडे, तालुका पोलादपूर, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवतो. शाळा चौथीपर्यंतच, अक्षर सांभाळून घ्यावे.

१. राहतं घर पत्नी शकू हिच्या हयातीपर्यंत तिचं, नंतर मुलगा सुनील याचं. तिला चूल पेटवायला कुणाला विचारावं लागू नये.

२. ओढ्याकडचं भातखाचर सुनीलला. धाकट्या भावाने, चांगूने बांध हातभर सरकवलाय. राहू दे. त्याला बोलायची माझी लायकी नाही.

३. मुंबईत कारखान्याच्या संघातून बारा वर्षं कबड्डी खेळलो. हजेरी यंत्रावर, घाम मैदानावर, पगार खेळाचाच. तेव्हा मिळालेल्या बक्षिसाच्या ढाली नात श्रुतिका हिला द्यायच्या होत्या, तीही खेळते. पण देत नाही. भंगारात घालाव्यात. पोरी, रुसू नको. त्या माझ्या नव्हेतच.

४. १९७६ साली महाडचा अंतिम सामना. कारखान्याचे साहेब नोकरीसाठी दोघांतला एक निवडणार होते: मी, नाहीतर समोरच्या संघातला माझा जिवाचा दोस्त मुश्ताक. आम्ही एका गुणाने पुढे, पण मैदानात मी एकटा उरलेला. मी बाद झालो की अख्खा संघ बाद, म्हणजे लोण, आणि हार. मुश्ताक चढाईला आला, त्याची बोटं माझ्या घोट्याला लागली. आमच्याकडे रीत अशी, की लागलं तर पंचाची वाट न बघता गड्याने स्वतः हात वर करून बाहेर जायचं. पंचाला दिसलं नव्हतं. मी उभाच राहिलो.

"काशा, लागलाय रे! सांग ना!"

"नाय," मी म्हणालो.

लोकांनी खोटारडा म्हणून त्याची हुर्यो उडवली. नोकरी मला लागली. त्याने खेळ सोडला. पुढे वीर स्टेशनावर रिक्षा चालवून संसार केला.

५. हे सुनीलने माझ्या तेराव्याला वाचावं, असं ठरवलं होतं. काल मुश्ताकला साक्षीदार म्हणून बोलावलं, कागद हातात दिला. वाचून म्हणाला, "पन्नास वर्सं मी खोटारडा, आनि तू मेल्यावर खरा व्हनार? मीच आदी गेलो तर? रविवारी तुमच्या गावात सामने हायत. माईक घे नि बोल. मग सही करतो."

"अरे, नातीसमोर?"

"माजी अम्मी पन समोरच बसली व्हती."



६. मुश्ताकच्या जागी दुसरा कुणी साक्षीदार मी शोधणार नाही. त्याची सही नसेल तर हा कागद रद्दी समजावा.

स्थळ : कापडे
शुक्रवार, दि. १६ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार : काशीराम धोंडू उतेकर (सही)
साक्षीदार १ : अक्षय साळेकर, शेजारी (सही)
साक्षीदार २ : मुश्ताक इब्राहिम धनसे, महाड (सही बाकी)