आडवा दगड

३ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची! आलापल्लीपर्यंत बस, पुढे जीप, मग पायपीट. या टोल्याला, जंगलातल्या या लहानशा वस्तीला, ना ग्रामपंचायत, ना सरकारी नकाशावर जागा. म्हणूनच संस्थेने मला राजुऱ्याहून धाडलंय. टोला किती जुना आहे ते पुराव्यासकट लिहायचं, म्हणजे गाव म्हणून नोंद होईल. सुकरीबाईंनी खोली दिली, वर भात आणि अंबाडीची भाजी. आमची दिव्यानी इथे असती तर आधी माझी बॅग लावली असती. सहा वर्षांची पोर, पण वाकडं, पडलेलं काही दिसलं की सरळ करणारच. खाण तशी माती!

५ नोव्हेंबर
टोल्याचा इतिहास धानाच्या बांधापलीकडे सापडला. इथे माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभारतात. तो वाढला तर गेलेला सुखात आहे म्हणतात. सगळ्यात जुना दगड मात्र आडवा पडलेला, शेजारी एक लहानगाही तसाच. आडव्या पुराव्याचा फोटो काय कामाचा? मोठा मी एकटीनेच उभा केला. गुडघ्याएवढा भरला. विळा घेऊन येणाऱ्या सुकरीबाई जागीच थबकल्या. "पडलेला दगड उभा नाई करत, बाई. तो माणूस गेला, जागा सुटली. आता त्या जागी कोण येईन?" मी हसण्यावारी नेलं.

७ नोव्हेंबर
दगड मांडीला लागतो. फोटोशी ताडून पाहिलं, चूक नाही. माझी पावलं जड झालीत, चिमटा काढला तरी कळत नाही. सुकरीबाई म्हणाल्या, दगड चढेल तशी तू दगड होशील, ज्याने उभा केला त्यानेच तो निजवायचा. दोन्ही हातांनी रेटला. हलत नाही.

८ नोव्हेंबर
कमरेपर्यंत. शेजारच्या चैतूभाऊंनी माझ्यासोबत दोर लावला. दोर तुटला. मला भीती वाटते. मला घरी जायचंय. नवऱ्याला, गोपालला निरोप धाडला, गाडी घेऊन ये, मला ने.

९ नोव्हेंबर
छातीपर्यंत. पाय गार, टणक — मलाच उचलून दारात बसवलंय. घशातून आवाज निघत नाही. हात तेवढा चालतो.

१० नोव्हेंबर
सगळे धान कापायला गेलेत. गाडी दिसली. गोपाल आलाय — दिव्यानीला कशाला आणलंस — ती बांधावरून धावत येतेय —

थांबली. दगडांपाशी.

तो लहानगा पडलाय ना — नको गं — हाक मारता येत नाही — दिव्यानी, नको — ती वाकली, दोन्ही हातांनी तो उभा कर