हवेत थांबलेलं बदक

४ जून

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडणार, हे मला माहीत आहे. पण फाडण्याआधी निदान एवढं वाच, की मी अडचणीत आहे. बाकी घरात सगळं ठीक. तुझी भावजय मजेत आहे, म्हणजे माझ्यावर चिडलेली आहे.

चार वर्षं तू माझा फोन उचलला नाहीस आणि मी तक्रार केली नाही. भावोजींच्या पन्नाशीला मला दोन शब्द बोलायला सांगितले आणि मी त्यांना पाचापैकी साडेतीन तारे दिले. 'टिकाऊ आहेत, आवाज करत नाहीत, पण बटण दाबल्यावर चालू व्हायला वेळ लागतो,' असं मी भर पंगतीत म्हणालो. ताई, मला कौतुकच करायचं होतं गं. मी घेतलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल असाच बोलतो. दिवसभर लोकांच्या लिफ्ट तपासतो, त्यांच्याबद्दलही असंच लिहितो, आणि आजवर एकाही लिफ्टला राग आलेला नाही.

आता अडचण. मी एक नवा गेम घेतला. बूट घातलेलं एक बदक कारखान्याच्या धुरांड्यांवरून उड्या मारत वर जातं. चित्रं देखणी, संगीत डोकं उठवणारं, एकूण साडेचार तारे. त्यात मी मोठ्या ऐटीत 'एकच जीव' हा प्रकार निवडला. म्हणजे बदक पडलं की सगळी कमाई पुसली जाते आणि पुन्हा तळमजल्यापासून सुरुवात. काल शेवटच्या धुरांड्याकडे मी उडी मारली, खाली बघितलं, आणि घाबरून थांबायचं बटण दाबलं. तेव्हापासून बदक दोन धुरांड्यांच्या मधे हवेत आहे. हवेत असताना उडीचं बटण अजून एकदाच दाबता येतं. लवकर दाबलं तर बदक कमी पडेल, उशिरा दाबलं तर गेलंच.

लहानपणी मी बटणं धरायचो, तू माझ्या पाठीशी बसायचीस आणि 'आता' म्हणायचीस. तू 'आता' म्हटलंस की मी दाबायचो. तुला म्हणून सांगतो, तुझ्या 'आता'शिवाय मी एकही गेम शेवटपर्यंत नेलेला नाही. कपाटभर गेम पडलेत, सगळ्यांचा शेवटचा मजला शिल्लक. लोक मला विचारून गेम घेतात आणि मी शेवट न बघताच तारे वाटत असतो.

यंत्र बंद करता येत नाही, बंद केलं तर बदक जाईल. त्यामुळे टीव्हीवर चोवीस तास बदक, आणि तुझ्या भावजयीच्या बातम्या बंद. लाईट जायची भीती आहे म्हणून एक बॅटरी मागवली आहे, ती यायचीय. पडद्याचा फोटो काढून सोबत पाठवतो आहे. तू फक्त एवढंच सांग, आता, की थोडं थांबून?

लोभ असावा. नसलाच तर निदान उत्तर असावं.

तुझा,
धाकटा

*

१२ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. मोठी आहे म्हणून द्यावे लागतात.

या जन्मात तुझ्याशी बोलणार नाही असं मी म्हटलं होतं आणि मी शब्दाची पक्की आहे. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. तेव्हा हे बोलणं समजू नकोस.

तुझं पत्र फाडलं होतं. मग तुकडे जुळवून वाचलं, जुळवायला हे बसले होते. ह्यांना म्हणशील तर साडेतीन तारे जरा जास्तच वाटतात. स्वतःला तीन पुरे होते म्हणाले, आणि तेही विचारल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाले. त्यामुळे रागवायचं सगळं काम या घरात मला एकटीलाच करावं लागतं.

आता बदकाचं. पहिला प्रश्न, बदक आहे तर उडत का नाही? दुसरा, बूट कोणी घातले त्याला? ते काढता येत असतील तर आधी काढ, ओझं कमी होईल. तिसरं म्हणजे फोटोत धुरांड्याचा धूर डावीकडे जातोय. वारा समोरून आहे, हे तुझ्या लक्षातच आलं नसणार. दोन धुरांड्यांमधलं अंतर बदकाच्या किती बुटांएवढं आहे ते मोजून कळव. असं अर्धवट माहितीवर मी 'आता' म्हणत नसते.

माझ्याकडे सध्या गाडी शिकायला एक वयस्कर शिंपी येतात. प्रत्येक वळणावर गाडी थांबवतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मी त्यांना सांगते, अहो, माझ्याकडे नका बघू, रस्त्याकडे बघा, माझ्या पायाखाली ब्रेक आहे. तरी बघतातच. त्यांना बघितलं की मला कोणाची तरी आठवण येते. कोणाची ते लिहीत नाही.

घाई नाही, पण उत्तर लगेच पाठव.

लोभाचं नंतर बघू.

तुझी ताई

*

१९ जून

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फार बरं वाटलं. तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो. बदकाला उडता येतं, पण पंख दहाव्या मजल्यावर मिळतात आणि मी ते न घेताच पुढे गेलो, कारण वाटेत एक खेकडा होता. बूट निघत नाहीत. धूर खरंच डावीकडे जातोय, धन्य आहेस. अंतर पावणेसात बूट भरलं.

बदक सुखरूप आहे. त्याच्या काळजीने मी काही खरेदी केली, तिच्याबद्दल तुला सांगायलाच हवं. यंत्र तापू नये म्हणून एक छोटा पंखा आणला. वारा चांगला देतो, पण दमेकऱ्यासारखा धापतो, म्हणून तीन तारे. पंख्याचा आवाज सहन होईना म्हणून कानात घालायचे ते आवाज बंद करणारे बोळे घेतले. ते लावले की पंखा ऐकू येत नाही आणि तुझी भावजयही ऐकू येत नाही. मी पाच दिले, तिने शून्य. सरासरी काढायला ती तयार नाही.

आपोआप केर काढत फिरणारं यंत्र गेल्या वर्षी घेतलं होतं, त्याची नजर वायरीवर आहे असा मला संशय आला. सध्या त्याला न्हाणीघरात कोंडलंय. दारावर आपटत असतं बिचारं. मी घरात नसताना लक्ष ठेवायला एक कॅमेरा लावला. पडदा हलला तरी तो मला फोनवर 'हालचाल दिसली' असं कळवतो, आणि आमच्या घरी पडदे फार हलतात. परवा एका उंच इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा असताना सलग कळवत राहिला. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ म्हणालं, तुम्ही ताणात आहात, एक मोठा श्वास घ्या. घड्याळ चांगलं आहे, पण आगाऊ. अडीच तारे.

बटणांचा खोका मी उशीवर ठेवून त्यावर केकची काचेची झाकणी घातली आहे, म्हणजे कोणाचा चुकून हात लागणार नाही. काल आलेल्या पाहुण्यांनी त्याला नमस्कार केला.

आता वाऱ्याचा हिशोब तू कसा करतेस ते कळव. आणि त्या शिंप्यांचं पुढे काय झालं? भावोजी कसे आहेत? तुझ्या गुडघ्याचं काय? सगळं सविस्तर लिही, बदकाला वेळ आहे.

लोभ वाढावा, सावकाश वाढला तरी चालेल.

धाकटा

*

२७ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. या वेळी मनापासून.

खेकड्याला घाबरून पंख सोडून आलास, हे वाचून मी डोक्याला हात लावला. लहानपणापासूनचं आहे हे तुझं. हे मात्र इतके हसले की मला बघायला उठावं लागलं. गुडघा बरा आहे. शिंपी परवा एकाही वळणावर न थांबता गेले आणि मग सरळ रस्त्यावर मधोमध थांबून रडले, आनंदाने.

मी पूर्ण विचार केला आहे. फोटो आरशाला चिकटवून येता-जाता बघितला. अंतर पावणेसात बूट, वारा समोरून, बदक अंगाने जड. अशा वेळी थांबण्यात अर्थ नाही, वेग आहे तोवरच दाबायचं. तेव्हा हे पत्र मिळताक्षणी काच उचल आणि दाब. आता. घे, म्हटलं.

काय झालं ते एका ओळीत कळव, म्हणजे प्रकरण मिटलं. मग मला लिहायचं काही कारण उरणार नाही आणि माझा शब्दही राहील.

तुझी ताई

*

३ जुलै

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझी आज्ञा मिळाली. दाबणारच होतो. पण काच उचलताना लक्षात आलं की उजव्या बुटाची नाडी सुटलेली दिसते आहे. याचा वाऱ्याशी काही संबंध असेल का? शिवाय पावणेसात मी डाव्या बुटाने मोजले होते. उजवा जरा मोठा वाटतो. पुन्हा मोजून पाठवायला थोडे दिवस लागतील. तोवर तू दुसऱ्या धुरांड्याच्या विटांचा विचार करून ठेवावास, त्या ओल्या असाव्यात अशी शंका आहे. आणि एक विसरलोच. उडीचं बटण दोन ठिकाणी आहे, डाव्या हाताला आणि उजव्या हाताला. तुझ्या मते कोणतं बरं?

घाई करू नकोस.

लोभाला खंड नसावा.

धाकटा

*

५ जुलै

ती. वन्संना,
धाकट्या भावजयीचा सा. नमस्कार.

मी कधी तुम्हाला वेगळं पत्र लिहिलं नाही, म्हणून आधी क्षमा मागते. पण ह्यांनी नाडीबद्दल लिहिलेलं पत्र काल टाकलंय. ते वाचून तुम्ही चिडाल आणि पुन्हा चार वर्षं गप्प बसाल, या भीतीने लिहिते आहे.

वन्सं, बदक केव्हाच पडलं. ह्यांनी तुम्हाला पहिलं पत्र टाकलं, त्याच संध्याकाळी लाईट गेली. बॅटरी अजून आलेली नव्हती. लाईट आल्यावर टीव्हीवर तळमजला होता आणि बदक पहिल्या पायरीवर उभं होतं. हे त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी यंत्र पुसून कपाटात ठेवून दिलं. मला वाटलं, सुटलो, बातम्या लागतील.

मग तुमचं उत्तर आलं. हे दारातच उभे राहून वाचत होते. वाचून झालं की पुन्हा पहिल्यापासून. मग आत आले, तुम्हाला पाठवलेला तोच फोटो टीव्हीवर लावला आणि पंखा आणायला बाजारात गेले. तेव्हापासून आमच्या घरी फोटोला पंखा आहे, फोटोवर कॅमेरा आहे, आणि उशीवरच्या खोक्याला वायरच जोडलेली नाही. बुटांचं माप हे खरोखर पट्टी घेऊन घेतात, आणि तेव्हा इतके आनंदात असतात की मला काही बोलवत नाही. एकदा मी म्हणाले, अहो, ते पडलंय ना? तर म्हणाले, पडलं असं कळवलं तर ताई कशाला लिहील?

मी दुसरा टीव्ही घेतलाय, माझी काही तक्रार नाही. केराचं यंत्र तेवढं सोडवायला हवं. तुम्ही ह्यांना काय सांगायचं ते सांगा. माझं नाव घेतलंत तरी चालेल.

मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

तुमची भावजय

*

१२ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाडीचं पत्र आणि तुझ्या बायकोचं पत्र, दोन्ही एकाच दिवशी हातात पडली. आधी नाडीचं वाचलं. रागाने लाल झाले, पेन घेऊन बसले आणि तुला चांगलं धुऊन काढलं. मग तिचं वाचलं. माझं लिहिलेलं मीच फाडलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. हे बऱ्याच वेळाने मागून आले आणि नुसते शेजारी उभे राहिले. मला रडू आलं. हसूही येत होतं, पंख्याचं.

वेड्या, फोटोला उकडत नाही. पंखा बंद कर. ते केराचं यंत्र सोड, कॅमेरा काढ, आणि तुझ्या बायकोला मोठ्या टीव्हीवर बातम्या बघू दे. तिच्यावर रागावलास तर माझ्याशी गाठ आहे.

बदकाचं मी तुला काही विचारणार नाही. एक मात्र सांगते. गेला महिनाभर मीही रोज टपालपेटी बघायला दोनदा खाली जात होते. घरात सांगत होते, गुडघ्याला व्यायाम. शिकाऊ मंडळींना गाडीत तुझ्या बदकाची गोष्ट सांगत होते. परवा एकाने विचारलं, बाई, काय झालं हो त्याचं? मी म्हटलं, अजून हवेतच आहे. म्हणताना मला बरं वाटलं.

पण हे पत्रांनी होणाऱ्यातलं काम नाही. मी इथे 'आता' लिहिते, तो शब्द तुला आठवड्याने मिळतो, तोवर बदक खाली. तळमजल्यापासून शेवटच्या धुरांड्यापर्यंत किती उड्या असतील? प्रत्येकीला एक पत्र म्हटलं तर आपण दोघं म्हातारी होऊ. मला पाठीशी बसूनच ते म्हणावं लागेल, तोंडाने, वेळेवर. त्यात माझा शब्द मोडतो. मोडू दे. असा कितीसा मोठा शब्द होता तो, उगाच चार वर्षं धरून बसले.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं पोचतो. यंत्र कपाटातून काढून जोडून ठेव. खेकडा आला की पळायचं नाही, पंख घ्यायचेच.

बेल वाजली की दार तू उघड, बायकोला पाठवू नकोस. मी दारातूनच बोलायला लागणार आहे आणि पहिलं वाक्य तुझ्यासाठी ठेवलंय.

लोभ होताच रे. बोलणं तेवढं बंद होतं.

तुझी,
ताई