पुस्तकातला गहू

प्रिय नेबोयशादादा,

तुझा पत्ता नाही, त्यामुळे हे पत्र खणातच राहणार.

शाळकरी मुलांसाठी लिहिलेली माझी कादंबरी छापून आली. तिच्यातल्या मुलीच्या घरचा संतही आपल्यासारखाच मिखाइल देवदूत; त्याच्या सणाला ती साखर-अक्रोड घालून गहू शिजवते. काल सणाच्या जेवणात देसाआत्यानं पाहुण्यांदेखत माझी हजेरी घेतली. "अगं शहाणे, गहू मेलेल्यांच्या नावानं शिजवतात! आपला देवदूत मेलाय कधी? पोरी हे वाचून स्वयंपाक शिकणार, म्हणजे झालंच!"

सगळे हसले. मीही म्हटलं, "चुकलंच. पुढच्या आवृत्तीत काढते."

पण ती मुलगी संतासाठी शिजवतच नव्हती. तू युद्धावरून परतला नाहीस, आणि आईनं तुझ्या नावानं आजवर गहू भिजत घातलेला नाही. म्हणून मी तो पुस्तकात शिजवला.

पाहुणे गेल्यावर आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "काढच तो गहू. जिवंत माणसासाठी शिजवत नाहीत."

संताला ती कधी माणूस म्हणत नाही.

काढते मी. पण तू येऊन तिला खरी ठरव.

तुझी,
यासना